खिसा उजवीकडेच

फ्रेझरपुरा, अमरावती
ता. १९ नोव्हेंबर १९६१

सौ. इंदूवहिनींस,
शालूचा सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही आधी दादाला हाक मारली असेल. पण पत्र दादाचं नाही, तुमचंच आहे. तीन वर्षं मी दादाच्या पत्राच्या तळाशी 'वहिनींना नमस्कार' एवढं लिहून मोकळी होत होते आणि तुम्हीही तिकडून 'बरं हाये म्हना' एवढंच कळवत होता. आज सगळं पत्र तुम्हाला लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला घाम फुटला. आणि इथे थंडी अशी पडली आहे की सकाळी तोंड धुताना पाणी चावतं.

आईचे गुडघे कसे आहेत? धर्मपाल पाटी घेऊन शाळेला निघतो असं दादा सांगत होता. त्याला एवढ्यात धाडू नका, चार वर्षांचंही नाही झालं पोर.

माझं ठीक चाललं आहे. जुलैपासून इथल्या मुलींच्या शाळेत आहे हे तुम्हाला कळलंच असेल. शाळा सकाळी सातची. थंडी आली की आमच्या शाळेतल्या बाया रूप पेटीत ठेवतात आणि नवऱ्याचा स्वेटर बाहेर काढतात. एकीचा तर गुडघ्यापर्यंत येतो. मला नवरा नाही, तेव्हा मी शाल घेते. फळ्यावर लिहायला हात वर केला की शाल खाली, शाल सावरायला गेले की खडू खाली. मुली तोंडावर पाटी धरून हसतात. परवा मीही हसले, पण घरी येताना मनात म्हटलं, बस झालं. ऊब पाहिजे आणि नीटनेटकं दिसलंही पाहिजे, यातलं एक सोडून दुसरं घ्यायचं ही कुठली रीत?

त्यातच आता एक काम अंगावर आलं आहे. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत शाळेच्या दीडशे मुलींच्या पुढे मला चालायचं आहे. मोठ्या बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा दोघींची तोंडं आंबट झाली, ती मी पाहिली. पहाटे साडेपाचला निघायचं आणि सगळ्या गावातून फिरायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, "शाल गुंडाळून नका येऊ, कोट घाला." त्याच दुपारी पार्वताबाई जवळ आल्या. आमच्यात त्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. म्हणाल्या, "माझा एक कोट पडून आहे. दोनदाच घातलेला. घेऊन जा, तुम्हाला होईल." मी हात जोडले आणि नाही म्हटलं. त्यांना राग आला. येऊ दे.

मी ठरवलं आहे की त्या दिवशी अंगावर कोट असेल आणि तो माझाच असेल. म्हणून एक विचारायचं होतं. कापडाच्या आणि अस्तराच्या मध्ये रुई भरताना टाक्यांच्या दोन ओळींत अंतर किती ठेवायचं? इथल्या शिंप्यांना विचारलं तर स्वेटर आणा, एवढंच सांगतात.

<s>तो कोट अजून आहे का</s>

वरची ओळ खोडली आहे, ती वाचू नका. आईला आणि दादाला जयभीम, धर्मपालला पापा.

तुमची नणंद,
शालू

*

अकोला
ता. २५ नोव्हेंबर

शालूले इंदूचा जयभीम.

पत्र भेटलं. तुया मायचे गुडघे थंडीनं धरले हायेत, धर्मपालले खोकला हाये, बाकी सगडं ठीक. मले येते तसं लिवून राहिली, मास्तरीन झाली म्हून चुका काढू नको.

खोडलेली ओय म्या उन्हात धरून वाचली. खोडाचं होतं तं नीट खोडाचं.

रुईचं सांगाले मले काई जड नाई. पन आदी माया एका गोष्टीचं उत्तर दे. तो कोट कोनाची उतरन होता? तीन वर्स झाले, मले कोनी सांगितलं नाई. कापड म्या दुकानातून फाडून आनलं. अस्तर म्या घेतलं. कापूस म्या बसून निवडला अन् पिंजाऱ्याकडून पिंजून आनला. यातलं कोनाच्या आंगावरून उतरेल होतं? तुया दादाले इचारलं तं ते पेपरात तोंड खुपसतात. तुया मायले इचारलं तं थे म्हन्ते पोरीले शिक्षन चढलं. मले हे दोनी उत्तरं पटत नाईत.

तू शिकेल हायेस. तू सांग.

इंदू

*

अमरावती
ता. १० डिसेंबर १९६१

प्रिय वहिनी,
सप्रेम जयभीम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. तो कोट कुणाचीच उतरण नव्हता. तो नवा होता, कोरा होता, आणि मी तुम्हाला खोटं पाडलं.

ही ओळ लिहायला मला पंधरा दिवस लागले, कारण तिच्यामागे आणखी एक माणूस उभा आहे. तो कोण हे तुम्हाला आता कळेलच. एक विनंती करते. हे पत्र एकट्यानं वाचू नका. दादाला समोर बसवा, आईलाही बोलवा आणि मोठ्यानं वाचा. दादाला उठून जाऊ देऊ नका.

पहिल्यापासून सांगते.

वलगावला मी दुसरीत होते. आई मालकाच्या घरी काम करायची आणि सणाला तिला तिथले जुने कपडे मिळायचे. तसंच एक पोलकं मी घालून गेले, पिवळं, खांद्यावर हिरवं ठिगळ असलेलं. मालकाची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिनं भर वर्गात ठिगळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे माह्यं हाये. हे मीच फाडलं होतं." एवढंच. ती वाईट मुलगीही नव्हती. पण त्या दिवशी मी घरी येऊन ते पोलकं काढलं आणि उघडीच चुलीपाशी बसून राहिले. आईनं मारलं, तरी घातलं नाही.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या आठवड्यात आईनं पेटी उलटी केली. मिळालेली लुगडी, पोलकी, एक लोकरीची फाटकी शाल, सगळं बाहेर गेलं. आई म्हणाली, "आजपासून दुसऱ्याच्या आंगावरून उतरेल कापड या घरात येनार नाई." तुम्ही तेव्हा या घरात आला नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही तिघं एका वाकळीत झोपलो, आणि कुणाची तक्रार नव्हती.

आता अठ्ठावन्न सालचा डिसेंबर. मी ट्रेनिंगला अमरावतीला येऊन पाच महिने झाले होते आणि वसतिगृहात तुमचं पार्सल आलं. वहिनी, हे मी तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं: तो कोट पाहून मी नाचले. पिकल्या जांभळासारखा रंग, गोल कॉलर, चार मोठी काळी बटणं, आतून फुलाफुलांचं अस्तर, आणि हात घातला की रुईची अशी ऊब की बाहेर काढवत नव्हता. माप न घेता शिवलेला, तरी खांद्याला तंतोतंत. दोन दिवस मी तो घालून जेवायलासुद्धा गेले. साडीवर कोट घालणारी सबंध वसतिगृहात मी एकटी होते. मुली कॉलरला हात लावून पाहायच्या. घरून निघताना तुम्ही म्हणाला होता, "थ्या पोरीईसमोर तुयी मान खाली नाई गेली पायजे." दोन दिवस माझी मान गगनाला लागली होती.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या ललितानं पाहिलं. धामणगावला तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे कपडा पाहायची तिला सवय. ती म्हणाली, "अगं, हा उलटवलेला आहे." मला कळेना. तिनं समजावून सांगितलं. जुना कोट वरून विटला की शिंपी तो सगळा उसवतो, कापड उलटं करतो, आतली ताजी बाजू वर आणतो आणि पुन्हा शिवतो. तसं केलं की डावीकडचा भाग उजवीकडे जातो, आणि छातीवरचा खिसा त्याच्याबरोबर उजवीकडे जातो. "खिसा उजवीकडे दिसला की समजायचं, कोट जुना आहे. बाबा नेहमी दाखवतात." आणि मग अगदी सहज, सहा मुलींसमोर तिनं विचारलं, "कुणाचा होता गं आधी?"

मी खाली पाहिलं. खिसा उजवीकडे होता.

वहिनी, मला त्या वेळी ललिता दिसलीच नाही. मला हिरव्या ठिगळावरचं बोट दिसलं. मी कोट काढला, तुम्हाला परत धाडायला गुंडाळला आणि त्याच संध्याकाळी सोबत ते पत्र लिहिलं. 'आपण उतरण सोडली ती काय फक्त भाषणापुरती? मला दुसऱ्याच्या अंगावरचं पाठवण्याआधी निदान आईला तरी विचारायचं होतं.' ते वाक्य मला पाठ आहे. लिहिताना मला वाटलं होतं, मी फार ताठ कण्याची मुलगी आहे. खरं म्हणजे सहा मुलींसमोर माझी जी फजिती झाली ती मला तुमच्यावर काढायची होती. तुम्हाला एका शब्दानं विचारलं असतं तरी पुरलं असतं. मी विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही मशीनवर झाकण घातलं आणि झाकणावर पिठाचा डबा ठेवला, हे आईकडून कळलं. तुमच्याकडे झंपरं शिवून घ्यायला अर्धी गल्ली यायची. पावसाळाभर त्यांचीच शिवणं शिवून तुम्ही कोटाचं कापड घेतलं होतं, हेही आईनंच सांगितलं, पण ते यंदा, आणि फार उशिरा.

आता दादाकडे येते. दादा, नीट बस.

ऑक्टोबरमध्ये दादा कचेरीच्या कामाला इथे आला होता. उकडत होतं, तरी अंगात कोट, कारण दादाचा कोट थंडीसाठी नसतो, साहेबासाठी असतो. एस.टी.तून उतरताना खिळ्याला अडकून बाहीचं अस्तर फाटलं होतं. मी म्हटलं, दे शिवून देते. तो नको नको म्हणत होता. मला वाटलं, लाजतोय. मी अस्तर उचकलं आणि आत कापडाचा जुना चेहरा दिसला. रंग उडालेला, कोपराशी घासून चकाकणारा. मग मी कोट समोर धरला. छातीवरचा खिसा उजवीकडे होता.

आपल्या घरी भिंतीवर दादाचा कोटातला फोटो आहे. तुमच्या लग्नातही तोच कोट होता. हजार वेळा पाहिला असेल मी. प्रत्येक वेळी दादाचा चेहरा पाहिला, खिसा कधी पाहिला नाही.

मी विचारलं तेव्हा दादानं सांगितलं. कारकुनाची नोकरी लागली आणि पहिल्या दिवशी कोट पाहिजे होता. नवा शिवणं जमेना, म्हणून त्यानं अकोल्याच्या बाजारातून जुना घेतला आणि उलटवून घेतला. आईला सांगितलं, नवा शिवला. आईचा नियम होता, दुसरं काय सांगणार होता? एकदा सांगितलेलं मग तुम्हालाही तसंच सांगितलं. आणि एक दिवस तुम्ही तोच कोट वर्तमानपत्रावर पसरून कोळशानं त्याच्याभोवती रेघ ओढायला बसला. तुमच्या शिवणाच्या क्लासात झंपर आणि परकर शिकवले होते, कोट नव्हता शिकवला. घरात नमुना एकच. खिसा जिथे होता तिथेच तुम्ही माझ्या कोटाला लावला. तुमचं चुकलं कुठे? समोर होतं तसं तुम्ही केलं.

दादा तेव्हा बाजेवर बसून पाहत होता. खिसा चुकीच्या बाजूला चालला आहे हे त्याला कळत होतं. 'इंदू, डावीकडे लाव' एवढं म्हणायचं होतं, पण म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, 'मंग तुमचा उजवीकडं काहून?' म्हणून तो गप्प बसला. माझं पत्र आलं तेव्हा त्याला क्षणात सगळं समजलं, आणि तरी तो गप्प बसला. तुम्ही विचारत राहिला आणि तो पेपर वाचत राहिला.

मला म्हणाला, "इंदूले सांगू नको शालू. तिनं मले नव्या कोटातला नवरा म्हून पायलं." मी ऐकलं, आणि महिनाभर मीही गप्प बसले. तुमच्याविरुद्ध आता आम्ही दोघं भावंडं एक झालो होतो. पहिलं पत्र मी रुई विचारायला लिहिलं नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच आहे. तुमचं उत्तर आल्यावर मात्र मी दादाला कचेरीच्या पत्त्यावर लिहिलं की आता तू सांग, नाहीतर मी सांगते. त्याचं कार्ड आलं: 'तूच लिही. माझ्यानं होत नाही.' म्हणून लिहिलं.

तुमची क्षमा मागते. ती तुम्ही लगेच द्यावी असं मुळीच नाही. तुम्हाला तीन वर्षं लागली तर मी तीन वर्षं मागत राहीन.

सव्वीस जानेवारीचं म्हणाल, तर पार्वताबाईंचा कोट मी घेणार नाही आणि शिंप्याकडेही जाणार नाही. तुमच्या हातचा मिळाला तर कोट घालून चालेन, नाही मिळाला तर शाल पिनांनी टाचून चालेन. पण चालेन.

तुमची अपराधी,
शालू

*

अकोला
ता. १७ डिसेंबर

शालूले जयभीम.

तू सांगितलं तसं तुया दादासमोर वाचलं. ते उठले नाईत. म्या दारातच पाट टाकून बसली होती, उठतीन तं जातीन कुठून. तुया मायले आदी काई समजलं नाई, मंग दुसऱ्या डावा वाचलं.

तुयी माय म्हने, आन त्याचा कोट. म्या खुटीवरून काढून देल्ला. तिनं अस्तर उचकून पायलं, नाकाजवळ नेला, मांडीवर ठेवला. मले वाटलं आता हा कोट चुलीत जाते. पन थे म्हने, "सूर्यभान, हे तू बाजारातून इकत आनलं. कोनी तुया आंगावर फेकलं नाई. हे काई उतरन नोय. मले सांगतलं असतं तं मीच याले बटनं लावून देल्ले असते. पन बायकोले तीन वर्स खोटी ठरू देल्लं, तवा तुयी जीब कुठं गेल्ती?"

तुये दादा रडले. म्या समजावलं नाई. रडू देल्लं. मंग म्हनलं, झालं असन तं मशीनवरचा पिठाचा डबा उतरवा. उतरवला. मशीनीले गंज लागला होता, ते बी त्याईनंच तेल घालून पुसलं. आता तीन दिवस झाले, च्या बी तेच करून राहिले. किती दिवस करतात पाहू.

मले नवा कोट अन् जुना कोट काय करते शालू? मी मानसाले पाहून आली या घरात. हे त्याईले सांगितलं, तुले बी सांगतो.

आता तुयं. तुया कोट हाये. कडूनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवला होता. कॉलरखाली एका जागी कसर लागली, तिथं भरतो. रुई एका कडेले गोळा झाली, ते उसवून नवी भरतो. तू इचारलं होतं तं आयक, दोन ओयीत चार बोटं. तीन घेतले तं कोट पाटीसारखा कडक होते, पाच घेतले तं कापूस खाली येऊन बसते. आंग भरलं असन तुयं, मास्तरनीचे आंग भरतात. छातीचं अन् बाहीचं माप पाठव.

अन् खिसा उसवून डावीकडं लावतो. आता मले कडलं कोन्या बाजूले असते ते. वरून लावेल हाये, निंगते. लोकाईत चालाचं हाये तुले.

राग गेला का म्हून इचारू नको. कोट घालून फोटो काढजो अन् पाठवजो. मंग सांगीन.

इंदू

*

अमरावती
ता. २१ डिसेंबर

वहिनी, सप्रेम जयभीम.

घाईनं कार्ड टाकते आहे, म्हणजे कात्री लागायच्या आत पोचेल. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. अंग भरलं आहे, तुमचा अंदाज बरोबर.

रुई बदला, कॉलर भरा, बाह्या लांबवा. खिशाला हात लावू नका. तो उजवीकडेच राहील. हे मी विचार करून लिहिते आहे.

शालू

*

अमरावती
ता. २८ जानेवारी १९६२

प्रिय वहिनी,
सप्रेम जयभीम.

पार्सल चौदा तारखेला मिळालं होतं. पोच म्हणून दोन ओळी टाकल्या, पण खरं पत्र सव्वीसनंतरच लिहायचं असं ठरवलं होतं.

परवा पहाटे चार वाजता उठले. बाहेर दहिवर असं पडलं होतं की समोरचं कौलारू छप्पर ओलंचिंब. पांढरी सुती साडी नेसले, निळ्या काठाची. केसांचा अंबाडा घातला. पायांत मोजे आणि काळे बूट, कानांवरून निळा रुमाल, आणि वरून तुमचा कोट. चारी बटणं लावली आणि आरशासमोर उभी राहिले. तीन वर्षांपूर्वी नाचले होते, या वेळी नाचले नाही. नीट उभी राहिले आणि स्वतःला पाहिलं. मग म्हटलं, चल.

शाळेच्या मैदानावर मुली कुडकुडत उभ्या होत्या, नाकं लाल, तोंडातून वाफा. मला पाहून पहिल्या रांगेतली एक मोठ्यानं म्हणाली, "माय वो, आपल्या बाई!" मोठ्या बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. त्या कुणाला चांगलं म्हणत नाहीत, मान हलवली म्हणजे पुष्कळ झालं.

मग पार्वताबाई आल्या. त्यांचा कोट घेतला नव्हता, ते त्यांच्या मनात होतंच. त्यांनी कॉलर पाहिली, बाही चाचपली, आणि त्यांची नजर खिशावर थांबली. त्यांनाही शिवणातलं कळतं. सगळ्या मुलींसमोर त्या म्हणाल्या, "हा तर उलटवलेला दिसतो, शालूबाई. कुणाचा होता आधी?"

वहिनी, शब्दसुद्धा तेच. तुम्ही खिसा हलवला असता तर हा प्रश्न आला नसता. आणि मला तो यायला हवा होता.

मी खाली पाहिलं नाही. म्हटलं, "कुणाचाच नव्हता. माझ्यासाठी माझ्या वहिनीनं नव्या कापडाचा शिवला. अकोल्याच्या इंदूबाई. आमच्या घरात कोटाचा खिसा उजवीकडेच असतो." एका मुलीनं माझ्या खिशाकडे पाहिलं आणि लगेच आपल्या फ्रॉकचा खिसा कुठे आहे ते चाचपलं. पार्वताबाई पुन्हा बाही चाचपून म्हणाल्या, "रुई कुणी भरली? एकसारखी भरली आहे." ते मात्र त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून मीही सांगितलं की दोन ओळींत चार बोटं.

सगळं गाव फिरलो. शेवटी शेवटी मुली दमल्या, पण रांग मोडली नाही. परत आलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि मला कोटात घाम आला होता, तरी काढला नाही.

काल दोघी शिक्षिकांनी मला गाठून विचारलं, तुमच्या वहिनी आमचे कोट शिवतील का? एक ती, जिचा स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. मी म्हटलं, शिवणारीला विचारते. त्यांनी विचारलं, खिसा डावीकडे चालेल ना? मी म्हटलं, तेही शिवणारीलाच विचारते. मशीनवर पुन्हा पिठाचा डबा ठेवायचा असेल तर मला आधी कळवा, मी त्याच दिवशी अकोल्याची गाडी धरीन.

दादाला सांगा, फोटो काढणारा मला म्हणत होता, थोडं तिरपं बसा म्हणजे खिसा दिसणार नाही. मी सरळ बसले.

फोटो सोबत ठेवला आहे. तुम्ही मागितला होता तसा, कोट घातलेला.

आता सांगा.

तुमची
शालू